तैलरंगातली कावीळ

१२ जानेवारी

तुला,

'प्रिय' मी लिहिणार नाही आणि शिवी लिहायला सासूबाईंनी मनाई केलीय. म्हणून नुसतंच 'तुला'.

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं आणि गिऱ्हाइकांसमोर फोडलं गेलं. आम्ही गणवेश शिवतो, दवाखान्यांचे, हॉटेलांचे, शाळांचे. पाकीट आलं म्हणजे आत मापंच असणार असं धरून मी ते कात्रीने उघडलं, तर आतून माझंच तोंड बाहेर आलं. फोटो छान छापलायस. उशीला टेकलेली मी, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले आणि कपाळापासून गळ्यापर्यंत पिवळीधमक. कोपऱ्यात तुझी सही, केवढी मोठी! ॲप्रनचं माप द्यायला आलेली एक नर्स शेजारीच उभी होती. तिने वाकून बघितलं. "अय्या ताई, या तुम्ही?"

"नाही, मावसबहीण," मी म्हटलं. "वारली."

ती बिचारी हळहळली. मीही थोडी हळहळले.

मग पत्र वाचलं. 'माझ्या आयुष्यात येऊन गेलेल्या स्त्रियांची व्यक्तिचित्रं' अशी तुझी मालिका पूर्ण होतेय. अभिनंदन. 'तुम्ही सगळ्याजणी माझ्या रंगांत अजून जिवंत आहात' असंही लिहिलंयस. अरे, आम्ही आमच्या घरीसुद्धा जिवंतच आहोत. जेवतो, भांडतो, दात काढून घेतो, गुडघ्याला तेल लावतो. तुझ्या कुंचल्याची वाट बघत कुणी श्वास रोखून बसलेलं नाही.

खरा मुद्दा शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी आहे. गॅलरीच्या बाईंना प्रत्येकीची लेखी संमती हवीय. 'एक औपचारिकता.' म्हणजे एवढी पानं भरून जी ओल आली ती सहीसाठी. मला आधीच शंका यायला हवी होती. तू कधी कुणाची उगाच आठवण काढणाऱ्यातला नाहीस.

नवऱ्याला पत्र दाखवलं. तो फ्रिज दुरुस्त करतो, चित्रातलं त्याला ओ की ठो कळत नाही. फोटो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, "तू आजारी होतीस का तेव्हा?"

एवढंच. पुढे काही विचारलं नाही.

संमती नाही. फोटो परत पाठवत नाही, कारण सासूबाईंनी त्याच्या पाठीवर बटणांचे नमुने टाचलेत. कागद जाड आहे, कामाला येतो.


२१ जानेवारी

तुला,

तुझं उत्तर मिळालं. मी 'कलेकडे कोत्या नजरेने बघते', 'शिवणयंत्रापुढे बसून मन आखडलंय', 'जुना राग धरून' आहे. बरं बाबा. सोबत तू कुणा जाणकाराच्या लेखाचं कात्रणही पाठवलंस, त्यातलं एक वाक्य खाली रेघ ओढून: 'या पिवळ्यात विरहाची ऊब आहे, हा रंग चित्रकाराने ट्यूबमधून नव्हे, स्मृतीतून काढला आहे.'

वाचून मला इतकं हसू आलं की सुई बोटात गेली.

तो पिवळा रंग कुठून काढला हे त्या जाणकाराला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि माझ्या दादाला ठाऊक आहे. तरी लिहून ठेवते, कारण तू ते इतक्यांदा सुंदर करून सांगितलंयस की तुलाही आता तेच खरं वाटत असेल.

ती कावीळ होती.

छापखान्याच्या वरची आपली खोली. खाली यंत्र सुरू झालं की जमीन थरथरायची आणि खिडकी उघडली तरी टर्पेंटाइनचा वास जायचा नाही. आधी मला जेवण नकोसं झालं, मग पाणीसुद्धा पोटात टिकेना. त्या वासाने ओकाऱ्या यायच्या. तुला म्हटलं, निदान ब्रश बाहेर धू. तू म्हणालास, बाहेर उजेड नाही. मग एका सकाळी तू पडदा सरकवलास आणि माझ्याकडे बघून तुझा चेहरा असा फुलला, की मला वाटलं मी बरी दिसतेय. "हलू नकोस," म्हणालास. "देवाशपथ, हलू नकोस."

मी हलले नाही. हलायचं त्राणच नव्हतं, पण मी ते प्रेमाने केलं असं तेव्हा समजत होते. 'उद्या डॉक्टरकडे जाऊ' असं तू म्हणायचास, आणि उद्या आला की 'आज गळ्यापाशी रंग फार छान उतरलाय, आजच्या दिवस थांब.' उशाशी तसराळं. मी त्यात ओकायचे, तू थांबायचास, मी तोंड पुसून पुन्हा उशीला टेकले की सुरू करायचास. एकदा तू माझी मान दोन बोटांनी उचलून सरळ केलीस. फुलदाणी फिरवतात तशी.

फोन लागेना म्हणून दादा आला. क्रेनवरची पाळी संपवून थेट तसाच आला होता, हातमोजे खिशात. दारातून मला बघून त्याचं तोंड पडलं. तुला त्याने विचारलं, "अरे, ही एवढी पिवळी पडलीय, तुला दिसलं नाही?"

तू काय म्हणालास आठवतंय?

"दिसलं ना. म्हणून तर रंगवत होतो."

दादाने तुला मारलं नाही याचं मला आजही आश्चर्य वाटतं. त्याच्या दोन्ही हातांत मी होते, हेच कारण असावं. जिन्यावरून उतरताना त्याची हनुवटी माझ्या डोक्यावर थडथड आपटत होती. मला वाटलं धाप लागलीय. तो रडत होता.

तर विरहाची ऊब म्हणजे अंगात ताप होता.

तुझ्या गॅलरीच्या बाईंचाही फोन आला होता. बोलायला सरळ वाटल्या. म्हणाल्या, "उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चित्रातल्या सगळ्यांना बोलावतेय. एकदा समोर उभं राहून बघा, मग नाही म्हणा." जावं की न जावं ते अजून ठरवलं नाही. गेले तरी तुझ्यासाठी नाही, एवढं ध्यानात ठेव.


५ फेब्रुवारी

तुला,

काल तू गॅलरीत हात जोडून उभा होतास. पांढरा सदरा, पिकलेली दाढी, साळसूद चेहरा. मी आत आले तेव्हा "आलीस!" म्हणालास, जसं काही ठरलंच होतं. आणि सगळ्यांदेखत माझा हात दोन्ही हातांत धरलास. घरी येऊन मी तो हात साबणाने धुतला. पाल पडल्यावर धुवावा तसा.

पण खोटं बोलणार नाही. चित्र चांगलं आहे.

हेच मला पचत नाही. वाईट असतं तर थुंकून मोकळी झाले असते. त्यातली ती मुलगी खरीखुरी आहे. तिच्या ओठांवरची साल, मानेची शीर, घामाने चिकटलेले केस, सगळं इतक्या मायेने रंगवलंय की कुणालाही वाटावं, रंगवणारा तिच्यावर जीव टाकत असणार. माझ्याकडे कधी कुणी इतकं निरखून बघितलं नव्हतं, पुढेही बघितलं नाही. माझा नवरा तर माझ्याकडे धड बघतही नाही. मी शिंकले की उठून खिडकी मात्र लावतो. मी तिथे उभी होते आणि मला कळत होतं की हात तुझा फार मोठा आहे, आणि तो हात पाण्याच्या पेल्याकडे एकदाही गेला नाही. मला शिसारी आली. चित्राची नाही, त्या मायेची.

बाकीची चित्रं बघितली. तुझी पहिली बायको, खिडकीशी पाठमोरी, मान किंचित वळलेली. औषधांच्या दुकानातली ती, ओंजळीत तोंड. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक गोष्ट सारखी होती. आत्ताच कुणीतरी थोबाडीत मारलंय आणि अजून गाल लाल झालेला नाही, तसं काहीतरी.

ते काय होतं ते तिथल्या बाथरूममध्ये कळलं.

तू बाहेर गॅलरीच्या बाईंना समजावत होतास, तेव्हा आम्ही तिघी आत होतो. तुझी पहिली बायको आरशापुढे तोंडावर पाणी मारत होती. उंच, सरळसोट बाई. शाळेत मुलींना खेळ शिकवते, आवाज तर असा की चार भिंती पुरत नाहीत. मला म्हणाली, "पिवळी तूच ना?"

"मीच. कावीळ."

"अगं बाई! आणि मी इतकी वर्षं समजत होते तुला सोनेरी रंगवलंय. जळत होते तुझ्यावर!"

औषधांच्या दुकानातली म्हणाली, "मी पण!" आणि मग आम्हाला जे हसू फुटलं ते आवरेना. हसणं ओसरल्यावर ती औषधवाली हळूच म्हणाली, "एक सांगू? माझं चित्र सुरू केलं त्या सकाळी त्याने मला एक वाक्य ऐकवलं. मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. चहाचा कप हातात दिला, आणि म्हणाला..."

"'तुझ्याकडे बघून आता मला काहीच वाटत नाही,'" तुझी बायको म्हणाली.

औषधवालीचं तोंड उघडंच राहिलं.

मागच्या पत्रात मी कावीळ लिहिली, हे लिहिलं नव्हतं. लिहायची लाज वाटली. आजारी पडणं सोपं असतं, त्यात आपला काही दोष नसतो. पण त्याच सकाळी, पडदा सरकवण्याआधी, माझ्या हातातही कप देऊन तू तेच वाक्य बोलला होतास. मी इतकी वर्षं त्या वाक्याला घाबरत जगले. लग्नाच्या आधी रडले, लग्नानंतर रडले. नवरा बघत नाही म्हणजे त्यालाही काही वाटत नाही, असं धरून बसले. आणि ते वाक्य माझ्याबद्दलचं नव्हतंच. तुझी तयारी होती ती. कॅनव्हास ताणायचा, रंग पिळायचे आणि बाईला एक वाक्य ऐकवायचं. मग तिचा चेहरा जसा हवा तसा होतो, आणि तू म्हणतोस, हलू नकोस.

"मला तर आत्ता ओकारी येईल," तुझी बायको म्हणाली. यावेळी कुणी हसलं नाही.

तेवढ्यात मागे काहीतरी खळकन वाजलं. ती पोरगी, जी मघापासून सगळ्यांना चहा देत फिरत होती, ती दारात उभी होती. हातात रिकाम्या कपांचा ट्रे. तोपर्यंत मला वाटत होतं ती गॅलरीत कामाला असेल. हाडं मोजावीत इतकी बारीक.

"मला आज सकाळी म्हणाला," ती म्हणाली.

तुझ्या पहिल्या बायकोने पुढे होऊन तिच्या हातातला ट्रे घेतला. "बसलीस का तू त्याच्यासमोर?"

"उद्यापासून बसायचंय. म्हणाला, आज झोपू नकोस, डोळ्यांखाली जरा काळं येऊ दे."

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. आम्ही तिघींनी बाहेर येऊन गॅलरीच्या बाईंना नाही म्हणून सांगितलं. तू म्हणालास, "बायका एकत्र आल्या की हे असंच होतं." आणि ती पोरगी माझ्या मागोमाग चालत आली. मी तिला बोलावलं नव्हतं. रस्त्यात मागे वळून विचारलं, "घरी कोण आहे तुझ्या?" म्हणाली, "आहेत सगळे. पण मी याच्याकडे राहायला आल्यापासून बोलत नाहीत." दुकानाच्या वर एक खोली आहे, कापडाचे तागे ठेवतो तिथे. तागे भिंतीला लावले आणि गादी टाकली.

तिला पळवून आणलेलं नाही. दार आतून उघडतं.


११ फेब्रुवारी

तुला,

दुकानाच्या फोनवर फोन करणं बंद कर. सासूबाई उचलतात आणि तुला 'कोण, इस्त्रीवाला का?' म्हणतात, ते त्या मुद्दाम करतात. त्यांचे कान शाबूत आहेत.

तिचं नाव त्यांनी काडी ठेवलंय. पहिल्या दिवशी ताटाकडे बघून ती म्हणाली, "आजी, मला एवढं नको. गालांची हाडं दिसायला हवीत." सासूबाईंनी वाढायचा हात थांबवला. "कुणाला दिसायला हवीत?" तिने ताट मागे ओढलं. "अगं, हाडं मेल्यावर दिसतातच की. आत्ता कसली घाई आहे?" आणि आणखी एक डाव वाढला.

तुला सांगते, या पोरीचाही मला राग येतो. दिवसभर खिडकीशी बसते आणि तुझं गुणगान गाते. "तो लहान मुलासारखा आहे हो. त्याला समजून घेणारं कुणी नाही." मी कापड बेततेय आणि ती बोलतेय, आणि आवाज तिचा पण वाक्यं माझी, कित्येक वर्षांपूर्वीची, शब्दन् शब्द. मीच उष्टावून टाकलेलं कुणीतरी माझ्या पुढ्यात चवीने खातंय असं वाटतं. काल शेवटी मी कात्री आपटली. "तो तुला उपाशी ठेवतो, जागं ठेवतो, सकाळी उठून तुझ्या काळजाला चिमटा काढतो आणि तू त्याला लहान मूल म्हणतेस?"

ती म्हणाली, "पण तो बघतो माझ्याकडे. आमच्या घरी कधी कुणी बघितलंच नाही."

सासूबाई काजं करत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "खाटीकही बघतो, बाई. अगदी निरखून बघतो."

ती रडत वर गेली. आज सकाळी म्हणाली, मला परत जायचंय. मी म्हटलं, जा. तिच्या पायात बेड्या घालायला मी कोण? फक्त म्हटलं, जेवून जा. तर सासूबाईंनी मुद्दाम स्वयंपाकाला उशीर केला. असं करून त्यांनी आजचा दिवस काढला. उद्याचं माहीत नाही.

गॅलरीच्या बाईंनी कळवलंय की प्रदर्शन पुढे ढकललंय, आणि तू त्यांना 'नवं चित्र येतंय, ते बघाच' असा शब्द दिलायस. हे मी काडीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती धावतच गेली असती, तुझी अडचण म्हणून. तुझी अडचण ऐकली की आम्ही सगळ्या धावतो. तुझं खरं भांडवल तेच आहे, कुंचला नव्हे.


१८ फेब्रुवारी

तुला,

'तू तिला माझ्याविरुद्ध काय सांगितलंस?' असं तू विचारतोयस. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी काय सांगितलं ते कळव म्हणतोस, तर त्या दुपारी काय झालं तेच कळवते. तू तिथे होतास, पण तुझं लक्ष दुसरीकडे होतं.

तू दुकानात आलास तेव्हा काडी वरून खाली उतरलीच होती. हातात पिशवी. कपडे भरून तयार. तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते, ती तुझ्याकडेच निघाली होती. मी हरले होते. जेवणं झाली होती, सासूबाईंच्या सगळ्या युक्त्या संपल्या होत्या, मी तिला रस्त्यासाठी डबा भरून देत होते. तू आणखी थोडा वेळ घरी थांबला असतास तर ती तुझ्या दारात आली असती. पण तुला राहवलं नाही.

तू काउंटरशी उभा राहिलास आणि रडायला लागलास. मला ते खोटं वाटलं नाही. खांदे हलत होते, नाकातून पाणी येत होतं. "मी चुकलो," म्हणालास. "तुझ्याशिवाय मला हात उचलवत नाही. ये, घरी चल." काडीचा चेहरा विरघळत गेला. डोळे भरून आले, पिशवी या हातातून त्या हातात गेली, एक पाऊल पुढे पडलं. मी सासूबाईंकडे बघितलं, त्यांनी मान खाली घातली होती.

काउंटरच्या बाजूला आमचा आरसा आहे. कपडे घालून बघायला लावलेला, भिंतभर. रडता रडता तुझी नजर तिकडे गेली.

एकदा जाते, कुणाचीही जाते. पण तुझी तिथेच राहिली. रडणं थांबलं नाही, फक्त जरा सावकाश झालं. तू मान किंचित उजेडाकडे वळवलीस. डावा गाल पुसलास आणि उजव्या गालावरचा थेंब राहू दिलास. डोळे बारीक केलेस, आणि तुझा चेहरा फुलला. अगदी तसाच, जसा त्या सकाळी मला बघून फुलला होता. म्हणजे कुणाचंही असो, तुला दुःख दिसलं की आनंद होतो. तुझं स्वतःचं असलं तरी.

मला वाटलं हे मलाच दिसतंय. पण काडीलाही दिसत होतं. ती जागच्या जागी थांबली होती आणि तुझ्याकडे नाही, आरशातल्या तुझ्याकडे बघत होती. दुकानात यंत्र बंद होतं. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"झालं बघून?"

तू दचकलास. "काय?"

"नाही, झालं असेल तर सांग."

तिने पिशवी काउंटरवर ठेवली. मी भरलेला डबा तिने उघडला आणि तिथेच, उभ्याने, तुझ्यासमोर जेवायला लागली. भूक लागली होती म्हणून नव्हे, मघाशीच जेवली होती. तू तिचं नाव घेतलंस. तिने घास गिळला, दुसरा घेतला. गाल फुगलेले, बोटं बरबटलेली. बघण्यासारखं त्यात काहीही नव्हतं आणि तिने ते तुला पोटभर बघू दिलं.

त्यात मी काय सांगितलं? एक शब्द तरी बोलले का?

तुला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण मागे एक हॉटेलवाला वेटरांच्या कोटांचं माप घेऊन ताटकळत उभा होता. सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, "तुम्हाला काही शिवायचंय का?"

"नाही," तू म्हणालास.

"मग जरा बाजूला व्हा. गिऱ्हाईक उभं आहे."

आणि तू बाजूला झालास.